गळाची गाठ

१९३२ सालच्या जून महिन्याची २ तारीख होती. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, एका नदीच्या जुन्या पात्रात साचलेल्या माँटगोमेरी नावाच्या सरोवरावर, जॉर्ज पेरी नावाचा वीस वर्षांचा शेतकरी तरुण आपल्या मित्रासह मासे धरावयास गेला होता. ते दिवस मोठ्या मंदीचे होते. दोघा मित्रांत मिळून लाकडी आमिष एकच होते, असे सांगतात. पेरीने ते पाण्यात फेकले. पाणी उसळले, दोरा ताठ झाला आणि मग जागचा हलेना. गळ बुडालेल्या ओंडक्यात अडकला, असे त्याला वाटले. पण तो ओंडका नव्हता! २२ पौंड ४ औंस, म्हणजे सुमारे १० किलोग्रॅम वजनाचा बॅस मासा त्या दोऱ्याला लागला होता. घरी नेल्यावर सर्वांनी तो आवडीने खाल्ला.

हा बॅस मासा उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्यात राहतो. त्याचा रंग हिरवट असून कुशीवर काळसर पट्टा असतो, आणि त्याचा जबडा डोळ्याच्याही मागे पोहोचतो. शेवाळात किंवा बुडालेल्या झाडाच्या आडोशाला दबा धरून तो भक्ष्यावर एकदम झडप घालतो. गळाला लागताच तो पुन्हा त्याच आडोशाकडे धावतो. त्या वेळी मासा आणि माणूस यांच्यामध्ये एक दोरा आणि त्याच्या दोन-तीन गाठी, एवढेच काय ते असते.

पेरीच्या काळी नायलॉन नव्हते. ते १९३५ साली प्रयोगशाळेत तयार झाले. तोपर्यंत कोळी रेशमाचा किंवा सुताचा दोरा वापरीत, आणि गळाजवळ एक निराळा, पाण्यात सहज न दिसणारा तुकडा जोडीत. हा तुकडा रेशमाच्या किड्याच्या पोटातील ग्रंथी ताणून केलेला असे. तो कोरडा असता इतका ठिसूळ असे, की पाण्यात भिजवल्यावाचून त्याला गाठ मारताच येत नसे. अशा जोडतुकड्याला इंग्रजी बोलणारे लोक 'लीडर' म्हणतात, आणि आजही तेच नाव चालते.

आज दोरे मुख्यतः तीन प्रकारचे मिळतात. नायलॉनचा एकेरी तंतू मऊ असतो आणि ओढला असता रबरासारखा थोडा लांबतो. त्यामुळे माशाचा हिसका तो सोसून घेतो. मात्र पाणी शोषून तो काहीसा दुबळा होतो. दुसरा दोरा पॉलिएथिलीनच्या अतिशय बारीक तंतूंचा विणलेला असतो. त्याच जाडीच्या नायलॉनपेक्षा तो कितीतरी बळकट असतो, पाण्यावर तरंगतो आणि जवळजवळ मुळीच लांबत नाही. परंतु स्वच्छ पाण्यात तो माशाला दिसतो. तिसरा फ्लुओरोकार्बनचा. पाण्यात शिरताना प्रकाशकिरण वाकतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. त्या वाकण्याचे माप पाण्यासाठी १.३३, फ्लुओरोकार्बनसाठी सुमारे १.४२ आणि नायलॉनसाठी सुमारे १.५३ आहे. ज्याचे माप पाण्याच्या मापाजवळ, तो दोरा पाण्यात कमी दिसतो. शिवाय फ्लुओरोकार्बन दगडावर घासला तरी लवकर झिजत नाही. तो जड असल्यामुळे बुडतो, म्हणून पाण्यावर तरंगणाऱ्या आमिषाला मात्र तो सोयीचा नाही.

तेव्हा अनुभवी माणसे काय करतात? मुख्य दोरा विणलेला घेतात आणि त्याच्या टोकाला फ्लुओरोकार्बनचा लीडर जोडतात. पाणी गढूळ व शेवाळ दाट असेल, तर मासा दोरा पाहणारच नाही. मग लीडर कशाला? विणलेला दोराच सरळ गळाला बांधावा.

आता खरी अडचण येते ती गाठीची. आपल्याकडे निरगाठ आणि सुरगाठ असे दोन प्रकार सर्वांना माहीत आहेत. एक सहजी सुटत नाही, दुसरी टोक ओढताच सुटते. पण गळाच्या दोऱ्याला साधी निरगाठ मारली, तर ती सुटत नाही हे खरे. दोराच तिच्यापाशी तुटतो! तंतू जेथे एकदम वळतो तेथे त्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दबते. सारा भार त्या एका जागी येतो. १५ पौंडांचा भार पेलणारा एकेरी तंतू अशा गाठीमुळे पुष्कळदा निम्म्याच भाराला तुटतो. चांगल्या गाठीत हे वळण सौम्य असते व भार अनेक वेढ्यांवर वाटला जातो.

गळाला बांधण्याची 'पालोमार' नावाची गाठ मला सर्वांत सोपी वाटते. गळाऐवजी एक किल्ली आणि हातभर सुतळी घेऊन ती करून पाहा. सुतळीचे टोक वीतभर दुमडा आणि तो दुहेरी फास किल्लीच्या भोकातून ओवा. दुहेरी सुतळीची एक सैल साधी गाठ मारा. आता फास मोठा करून त्यातून सबंध किल्ली बाहेर काढा आणि दोन्ही टोके हळूहळू ओढा.

लीडर जोडताना दोन निराळ्या स्वभावांचे दोरे एकत्र आणावे लागतात. त्यासाठी दोन्ही टोके एकमेकांवर ठेवून प्रत्येकाची दुसऱ्याभोवती वेढ्यांची गाठ मारतात आणि मग दोन्ही गाठी सरकवून एकमेकींना भिडवतात. लीडरचे चार-पाच वेढे पुरतात. विणलेला दोरा गुळगुळीत असल्यामुळे निसटतो, म्हणून त्याचे सात-आठ घ्यावे लागतात. आवळण्यापूर्वी गाठ ओली करतात. कोरडी गाठ एकदम आवळली, तर घर्षणाच्या उष्णतेने तंतू दुबळा होतो, आणि ते डोळ्यांना दिसतही नाही.

गाठ तुटली, तर मासा तोंडात गळ घेऊन पळतो, आणि पाण्यात राहिलेल्या दोऱ्यात पुढे पाणपक्ष्यांचे पाय अडकतात. म्हणून बॅस धरून पुन्हा पाण्यात सोडणारे लोकही गाठीला फार जपतात.

पेरीचा विक्रम ७७ वर्षे टिकला. २००९ सालच्या जुलै महिन्यात जपानमधील बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांना एक बॅस मिळाला. तो पेरीच्या माशाहून जड भरला, पण एका औंसाहूनही कमी फरकाने; आणि नियम असा, की निदान दोन औंस तरी अधिक हवेत. म्हणून दोघांचा विक्रम बरोबरीचा धरला गेला.