मोगऱ्याचा चहा : सुगंध फुलाचा, तरतरी पत्तीची

परभणी जिल्ह्यात व्यवहार कशाचाही असो, तो चहावर सुरू होतो आणि चहावरच मिटतो. गुजरी बाजारातील किराणा दुकानदार, मानवत आणि सेलूच्या कापूस बाजारातील आडते, सणासुदीला रात्र-रात्र मशीन चालवणारे टेलर, लोहार, सुतार, मोटार मेकॅनिक या सर्वांच्या दिवसाचा हिशेब चहाच्या कपांवर मांडता येईल. हा चहा म्हणजे दूध, साखर घालून खूप उकळलेला. रात्री झोप येत नाही, छातीत धडधडते, बारीक काम करताना हात थरथरतो, अशा तक्रारी सुरू झाल्या की कुणीतरी सल्ला देतो, "फुलांचा चहा घ्या, त्यात कॅफीन नसते."

हा सल्ला अर्धा बरोबर आणि अर्धा चूक आहे. विकणारा दुकानदार आणि पिणारा गिऱ्हाईक या दोघांनाही त्यातील फरक माहीत असणे गरजेचे आहे. म्हणून मोगऱ्याचा चहा, ज्याला पुड्यावर जस्मिन टी म्हणतात, तो घरी कसा करावा आणि त्यात कॅफीन किती असते, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

हा चहा म्हणजे नेमके काय?

मोगऱ्याचा चहा म्हणजे नुसत्या फुलांचा काढा नव्हे. त्यात खरी चहाची पत्तीच असते, बहुधा हिरव्या चहाची. कोरड्या चहापत्तीला भोवतालचा वास फार लवकर लागतो. मसाल्याच्या पोत्याशेजारी उघडी ठेवलेली पत्ती मसाल्याचा वास धरते, हे प्रत्येक किराणा दुकानदार जाणतो. दुकानात जो गुण नुकसान करतो, त्याचाच उपयोग चीनमध्ये शेकडो वर्षांपासून करून घेतला गेला. तेथील फुजियान प्रांतातील फुझौ शहर या कलेसाठी प्रसिद्ध आहे. फुझौच्या मोगरा व चहा लागवडीच्या पद्धतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली.

त्यासाठी लागणारे फूल आपल्याला परके नाही. ते म्हणजे आपल्या अंगणातला मोगराच, ज्याला उर्दूत मोतिया म्हणतात. मोगऱ्याची कळी दिवसा मिटलेली असते आणि संध्याकाळनंतर उमलून सुगंध सोडते. पालघर जिल्ह्यातील जव्हार, विक्रमगड भागातील शेतकरी मोगरा मिटलेल्या कळ्यांच्या रूपातच मुंबईच्या दादर बाजारात पाठवतात. चहासाठीही कळीच लागते. ती पत्तीच्या सहवासात उमलली पाहिजे, म्हणजे तिचा सुगंध हवेत न जाता पत्तीत मुरतो.

घरी सुगंध कसा द्यावा?

आपल्याकडे मोगऱ्याचा बहर उन्हाळ्यात येतो. घरी मोगरा असेल तर पुढीलप्रमाणे करावे.

१) कोणतीही फवारणी न केलेल्या झाडाच्या टपोऱ्या कळ्या संध्याकाळी तोडाव्यात. बाजारातील गजऱ्याची किंवा चादरीची फुले वापरू नयेत, कारण ती खाण्यासाठी पिकवलेली नसतात आणि त्यांच्यावर औषध मारलेले असू शकते.

२) १०० ग्रॅम साधा हिरवा चहा आणि ५० ते १०० ग्रॅम कळ्या घ्याव्यात. स्टीलच्या किंवा काचेच्या कोरड्या डब्यात पत्तीचा एक थर आणि कळ्यांचा एक थर असे लावून झाकण ठेवावे.

३) रात्रीतून एक-दोन वेळा सर्व हलवावे. फुलांचा ओलावा आणि ऊब साठून राहिली तर पत्तीला कुबट वास येतो.

४) सकाळी फुले चाळून काढून टाकावीत. पत्ती सावलीत पातळ पसरून किंवा तव्यावर अगदी मंद आचेवर वाळवावी.

५) वाळवल्यावर पुन्हा वजन करावे. १०० ग्रॅम घातलेली पत्ती १०५ ग्रॅम भरली, तर जादा वजन पाण्याचे आहे असे समजावे. अशी पत्ती डब्यात भरली की बुरशी येते. वजन मूळ आकड्यावर आल्यावरच ती बंद करावी.

६) सुगंध कमी वाटला तर ताज्या कळ्या घेऊन दोन-तीन रात्री हीच कृती करावी.

एक इशारा येथे देणे आवश्यक आहे. रात्री सुगंध येतो म्हणून कोणतेही पांढरे फूल घेऊ नये. रातराणीला इंग्रजीत रात्रीची जस्मिन म्हणत असले तरी ती मोगऱ्याच्या कुळातील नाही आणि ती विषारी आहे. कण्हेरही विषारी आहे. तसेच अंगाला लावायचे अत्तर चहात टाकू नये. ते पिण्यासाठी बनवलेले नसते.

चहा करण्याची रीत

हा चहा आपल्या नेहमीच्या चहाप्रमाणे पातेल्यात उकळू नये. उकळल्याने तो कडू होतो आणि सुगंध वाफेबरोबर निघून जातो. एका कपासाठी, म्हणजे सुमारे १५० ते २०० मिलिलिटर पाण्यासाठी, २ ग्रॅम पत्ती पुरते. ही पत्ती फुललेली असल्याने चमच्याचे माप फसवे ठरते. सराफी काट्यावर एकदा तोलून आपल्या चमच्याचे प्रमाण ठरवून घ्यावे.

पाण्याला आधण आले की भांडे खाली उतरवून चार-पाच मिनिटे उघडे ठेवावे. पाणी ८० अंशांच्या आसपास आले की पत्तीवर ओतावे, झाकण ठेवावे आणि दोन ते तीन मिनिटांनी गाळावे. दूध घालू नये. साखर ज्याच्या-त्याच्या आवडीची. त्याच पत्तीवर पुन्हा एकदा पाणी ओतून दुसरा कपही निघतो.

कॅफीनचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कॅफीन १८१९ साली कॉफीतून वेगळे काढण्यात आले. १८२७ साली चहातून असाच पदार्थ मिळाला, त्याला वेगळे नाव दिले गेले, पण पुढे दोन्ही पदार्थ एकच असल्याचे सिद्ध झाले. मोगऱ्याच्या फुलात कॅफीन नसते. ते सर्व पत्तीतून येते. फुले चाळून काढली तरी पत्ती तीच राहते. म्हणून मोगऱ्याच्या चहात साध्या हिरव्या चहाइतकेच कॅफीन असते.

कोरड्या पत्तीत वजनाच्या साधारण २ ते ४ टक्के कॅफीन असते. ३ टक्के धरले तर २ ग्रॅम पत्तीत ६० मिलिग्रॅम झाले. वर दिलेल्या रीतीने दोन-तीन मिनिटांत त्यातील निम्म्याच्या आसपास पाण्यात उतरते, म्हणजे एका कपात साधारण २५ ते ४० मिलिग्रॅम. याउलट, बारीक दाणेदार पत्ती दुधापाण्यात खळाखळा उकळली की जवळजवळ सर्व कॅफीन कपात येते. दूध घातल्याने ते कमी होत नाही. पहिले पाणी अर्ध्या मिनिटात फेकून दिले की कॅफीन निघून जाते, असेही सांगितले जाते. प्रत्यक्षात तेवढ्या वेळात त्याचा थोडाच भाग निघतो.

म्हणून आमचे सांगणे असे की, कप मोजू नका, पत्ती मोजा. समजा एका टेलरिंग दुकानात पाच जण आहेत आणि पाव किलोचा पुडा दहा दिवस पुरतो. प्रत्येकाच्या वाट्याला रोज ५ ग्रॅम पत्ती, म्हणजे सुमारे १५० मिलिग्रॅम कॅफीन आले. ईदच्या आधी रात्रपाळी सुरू झाली आणि तोच पुडा चार दिवसांत संपू लागला, तर माणशी रोज साडेबारा ग्रॅम पत्ती, म्हणजे सुमारे ३७५ मिलिग्रॅम होते. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१५ साली निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि गरोदर स्त्रियांसाठी २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन सुरक्षित मानले आहे. म्हणजे घाईच्या दिवसांत आपला कारागीर त्या मर्यादेला टेकलेला असतो आणि त्याला त्याची कल्पनाही नसते.

शरीरात गेलेले कॅफीन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. रात्री नऊला घेतलेल्या चहाचे निम्मे कॅफीन पहाटे दोनलाही रक्तात असते. रमजानमध्ये तरावीहनंतर आणि पुन्हा सेहरीला चहा घेणाऱ्यांची आधीच तुटक असलेली झोप यामुळे आणखी तुटते. कात्री, सुई, कानस, करवत यांवर ज्याची रोजी अवलंबून आहे, त्याला अपुऱ्या झोपेची किंमत हाताला जखम होऊन किंवा माल बिघडून मोजावी लागते. जेवणाबरोबर चहा घेतल्याने अन्नातील लोह शरीरात कमी शोषले जाते. म्हणून जेवण आणि चहा यांत तासभर अंतर ठेवावे. रक्त कमी असलेल्या स्त्रियांनी याची विशेष काळजी घ्यावी.

दुकानदारांसाठी दोन शब्द

हा चहा विकायला ठेवणाऱ्यांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पुड्यात वाळलेली फुले दिसली म्हणजे माल उंची, असे नाही. उत्तम प्रतीच्या मालातून फुले बहुधा काढून टाकलेली असतात. माल पारखायचा तर पत्ती गरम पाण्यात टाकून वास घ्यावा. खरा सुगंध दुसऱ्या पाण्यालाही थोडाफार टिकतो. वरून शिंपडलेला अर्क बहुधा पहिल्याच पाण्यात संपतो. आपल्या कायद्याप्रमाणे सुगंधित चहाच्या वेष्टनावर तसा उल्लेख करावा लागतो. घरी तयार करून विकायचा असेल, तर अन्न सुरक्षा खात्याची नोंदणी आणि सुगंधित चहासाठी चहा मंडळाचे नियम यांची चौकशी आधी करावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे "यात कॅफीन नाही" असे सांगून हा माल विकू नये. समोरचा गिऱ्हाईक हृदयाचा रुग्ण असू शकतो किंवा घरातील गरोदर सुनेसाठी चहा नेत असू शकतो. मापात मारलेला माल जसा लबाडीचा, तसा गुण नसताना गुण सांगून विकलेला मालही लबाडीचाच. "उकळलेल्या चहापेक्षा कॅफीन कमी, पण आहे", एवढे खरे वाक्य सांगितले तरी माल विकला जातो आणि गिऱ्हाईक पुन्हा येतो.

व्यापारी व कारागीर बांधवांनी चहा सोडावा, असे आम्ही म्हणत नाही. दिवसभरातील दोन-तीन उकळलेले कप कमी करून त्या जागी हलका मोगऱ्याचा चहा घ्यावा, संध्याकाळनंतर तोही टाळावा, आणि महिन्याच्या किराणा यादीत पत्ती किती ग्रॅम लागली याची एकदा नोंद करून पाहावी. दुकानाचा हिशेब वहीत ठेवणाऱ्याला आपल्या झोपेचा हिशेब ठेवणे अवघड नाही.