बाई म्हणजे 'सब'च का?

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, मला त्यांच्यातही जागा नाही वाटतं." तेव्हापासून ते माझ्या मनात घोळतंय. बीडीएसएमवाल्यांच्या ग्रुपमध्ये तू गेलीस मोकळेपणासाठी, आणि पहिल्याच भेटीत तुला सांगून टाकलं की बाई म्हणजे 'सब', ऐकणारी. पुरुष म्हणजे 'डॉम', हुकूम देणारा. हे ऐकायला तिथवर कशाला जायला हवं होतं? लग्नाच्या बैठकीत ऐकलंच आहे की आपण!

पण तसा काही नियम नाही. मॅसोकिझमला ज्याचं नाव मिळालं, त्या साखर-माझोखच्या १८७०च्या कादंबरीत शरण जाणारा पुरुष आहे. सॅन फ्रान्सिस्कोत १९७८मध्ये लेस्बियन बायकांनी 'सॅमॉईस' हा गट काढला, तिथे दोन्ही बाजूंना बायकाच. तेव्हा हुकूम देण्याची तुझी ओढ म्हणजे काही जगावेगळं खूळ नाही.

सब म्हणजे पडखाऊ, असंही कुणी सांगेल. ऐकू नकोस. काय चालेल, काय अजिबात नाही, हे दोघं आधी बोलून ठरवतात, आणि 'रेड' म्हटलं की सगळं तिथल्या तिथे थांबतं. हा शब्द डॉमलाही वापरता येतो. हे मुद्दाम सांगतेय, कारण तू त्या बाजूला उभी राहशील तेव्हा सगळे तुला कणखरच समजतील. पण हुकूम देणारीलाही दमायला होतं, धास्ती वाटते, नंतर कुणीतरी जवळ बसावं, पाणी द्यावं असं वाटतं. ते मागायला लाजू नकोस.

आणि कधी हे, कधी ते आवडलं तर? त्याला 'स्विच' म्हणतात, झालं. "आधी एक काय ते ठरव" म्हणून मागे लागणाऱ्यांना उत्तर द्यायला तू बांधील नाहीस. एका माणसाबरोबर एक, दुसऱ्याबरोबर दुसरं, असं कितीतरी जणांचं असतं. ऑफिसात टीम हाकणारी बाई खासगीत सब असू शकते, मितभाषी बाई डॉम असू शकते.

मला खरी काळजी आहे ती ओळख व्हायच्या आधीच "मला सर म्हण" म्हणणाऱ्याची. तुझ्या होकाराआधी तो तुझा कुणीही नाही. "खरी सब नाही म्हणत नाही" असं कुणी म्हणालं, तर चहा अर्धा टाकून ऊठ. पहिली भेट दिवसाढवळ्या, चार माणसांतच घे, आणि निघण्याआधी पत्ता मला पाठव.