चिखलणीपूर्वी पॉवर टिलरच्या सुट्या भागांची तरतूद

पेण आणि रोहा या तालुक्यांतील भातखाचरांत पूर्वी बैलजोड्या चिखलणी करीत; आज त्यांपैकी पुष्कळ खाचरांत पॉवर टिलर फिरतो. बैल आजारी पडला तर शेजाऱ्याची जोडी सावडीने मिळत असे. टिलरचे सील फुटले तर मात्र शेजाऱ्याच्या टिलरचे काढून आणता येत नाही, कारण त्याचीही चिखलणी त्याच आठवड्यात चालू असते.

रोपवाटिकेतील रोपे सुमारे २१ ते २५ दिवसांची झाली म्हणजे ती लावणीस योग्य होतात. त्या वेळी यंत्र दहा दिवस बंद पडले तर रोपे पस्तीस दिवसांची होतात. अशा जून रोपांना फुटवे कमी येतात व उत्पन्न घटते. भाग स्वस्त असला तरी तो वेळेवर न मिळाल्याचे मोल असे भातात द्यावे लागते.

टिलरचे कारखाने आपल्यापासून दूर आहेत. व्ही.एस.टी. ही कंपनी १९६७ साली बंगळूर येथे स्थापन झाली. कॅमको हा केरळ शासनाचा उद्योग १९७३ पासून अथणी येथे आहे. नेहमी खपणारे पट्टे व गाळण्या विक्रेत्याजवळ सापडतात. गिअर, दांडे यांसारखे भाग बहुधा मागवावे लागतात. म्हणून तारखेचा हिशेब उलटा करावा. यंत्राची चाचणी १५ मे रोजी व्हावी असे धरा. जोडणीस एक आठवडा, म्हणजे ८ मे. भाग येण्यास तीन आठवडे लागतील असे विक्रेत्याने सांगितले, तर १७ एप्रिल. परंतु चुकीचा भाग आला तर तो परत करून दुसरा मागविण्यास आणखी तीन आठवडे हवेत. तेव्हा मागणी २७ मार्चपर्यंत गेली पाहिजे. ही शेवटची सवड पुष्कळजण धरीत नाहीत आणि नेमके तेथेच अडतात.

तपासणीचा काळ दोन्ही तालुक्यांत सारखा नाही. पेणच्या ज्या भागात केवळ खरिपाचे भात होते, तेथे यंत्र दिवाळीनंतर रिकामे असते. फेब्रुवारीत ते उघडावे. खारेपाटात तर याहून उशीर करू नये. खारट चिखलाने नट-बोल्ट गंजून घट्ट बसतात, ते सोडविण्यासच दोन-चार दिवस जातात आणि काही तुटतातही. मागणीत नट-बोल्ट आवर्जून लिहावेत. रोहा तालुक्यात कुंडलिकेच्या कालव्याखाली जेथे उन्हाळी भात घेतात, तेथे यंत्र थंडीतही चिखलात उतरते. तेथे उन्हाळी लावणी संपताच तपासणी करावी. भातकापणीची वाट पाहू नये.

सर्वांत अधिक लक्ष पाती फिरविणाऱ्या दांड्याच्या सीलकडे द्यावे. सीलभोवती तेलाचा ओघळ दिसला किंवा आतील तेल दुधाळ झाले असले, तर सील गेले असून पाणी आत शिरले आहे असे समजावे. चिखल आत गेला की बेअरिंग झिजते, नंतर दांडाही. थोडक्या किमतीच्या सीलवरून खर्च कोठल्या कोठे जातो. दांडा हाताने हलवून पाहावा. तो खडखडला तर सीलबरोबर बेअरिंगही मागवावे, कारण तेवढ्यासाठी यंत्र पुन्हा उघडणे परवडत नाही.

मागणी करताना 'टिलरचे बेअरिंग' एवढेच लिहू नये. यंत्राच्या पाटीवरील नमुना, यंत्रक्रमांक व इंजिनक्रमांक प्रथम लिहावेत. बेअरिंगवर ६२०५ असा अंक कोरलेला असतो; त्याचे आतील छिद्र २५ मिलिमीटर व बाहेरचा व्यास ५२ मिलिमीटर असतो. ६३०५ चे छिद्र तेवढेच, परंतु बाहेरचा व्यास ६२ मिलिमीटर. एका अंकाच्या चुकीने भाग निरुपयोगी ठरतो. सीलवर आतील व्यास, बाहेरील व्यास व जाडी अशी तीन मापे असतात. पट्ट्यावर बी हे अक्षर व अंक असतो. अक्षर रुंदीचे, अंक बहुधा इंचांतील लांबीचा. वापराने ही अक्षरे पुसतात, म्हणून पट्टा नवा असतानाच ती वहीत उतरवावीत. पट्टे एकाच वेळी सर्व बदलावेत, नाहीतर जुने ताणलेले असल्यामुळे सारा भार नव्यावर पडतो. पाती डावी व उजवी अशी वेगळी वळविलेली असतात. दोहोंची संख्या निरनिराळी लिहावी. नवा भाग पडताळून पाहीपर्यंत जुना भंगारात टाकू नये.

एक भाग मात्र अगोदर मागवू नये, तो म्हणजे पिस्टन. सिलिंडर किती झिजला हे कार्यशाळेत मोजल्यावरच मूळ मापाचा, ०.२५ की ०.५० मिलिमीटर मोठा पिस्टन लागेल ते ठरते. इंजिन निळा धूर सोडीत असेल व तेल खात असेल, तर ते फेब्रुवारीतच मोजून घ्यावे.

पावसाळ्यात घरी एक जादा पट्टासंच, एक सीलजोड, क्लचची तार, डिझेलची गाळणी आणि चार-सहा पाती बोल्टांसह असावीत. याहून अधिक माल साठवून पैसा अडकवू नये. रबरी वस्तू चुलीपासून व उन्हापासून दूर, कागदात गुंडाळून ठेवाव्यात. पट्टा खिळ्याला टांगू नये, त्यास कायमचा बाक येतो. मेच्या मध्यास यंत्र अर्धा तास चालवून, थंड झाल्यावर सीलची जागा पुन्हा पुसून पाहावी.