दसऱ्याआधी बोलायचं ते

दादांनो, तायांनो, दसरा झाला की केज, धारूर, पाटोदा, शिरूरच्या गावांतून ट्रॅक्टर भरून निघतील. ती घाई सुरू होण्याआधी मला तुमच्याशी लेकरांबद्दल बोलायचंय.

फडात आता हार्वेस्टर दिसतो, हे तुम्हीच मला सांगता. तुम्ही दोघं दिवसभर वाकून दीड-दोन टन ऊस तोडता, ते मशीन दिवसात शंभर टनांच्या पुढे जातं. म्हणजे पन्नासेक कोयत्यांचं काम, आणि त्यावर माणसं मोजकीच. उद्याच सगळे कोयते थांबतील असं नाही. मशीनला रुंद सरी आणि मोठा सलग फड लागतो, लहान तुकड्यांत आणि चिखलात ते अडतं. पण आज तिसरीत असलेलं लेकरू विशीत येईल, तेव्हा मुकादम त्याला उचल द्यायला येईलच, असा भरवसा मला वाटत नाही.

त्या मशीनवर बसायला, त्याचं हायड्रॉलिक दुरुस्त करायला माणूस लागणारच. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उपग्रहाची छायाचित्रं, जमिनीतले सेन्सर आणि कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून उसाला पाणी-खत कधी द्यायचं ते ठरवण्याचे प्रयोग झालेत. तीही कामं कोणीतरी करणारच. पण ती थोडी असतील, आणि ज्याची शाळा दर हंगामाला तुटते त्याच्यापर्यंत ती पोचणार नाहीत.

“पोराला मोबाइलचं सगळं येतं,” असं तुम्ही कौतुकानं म्हणता. 2021 मध्ये मोबाइलवरची ई-पीक पाहणी आली, आणि आजोबांच्या शेताची नोंद घरातलं लेकरूच करतं, हेही खरं. पण गट नंबर कुठला, हेक्टर-आर कसं लिहायचं, टिंब कुठे द्यायचं, हे त्याला मोबाइल शिकवत नाही. टिंब चुकलं की क्षेत्र चुकतं, आणि नुकसानभरपाईच्या वेळी तीच नोंद आडवी येते. हे गणित दिवाळीनंतरच्या महिन्यांत वर्गात शिकवलं जातं, आणि नेमकी तेव्हाच तुमची लेकरं कोपीवर असतात.

या शिक्षणाचा उपयोग तुम्हाला आत्ताही आहे. उचल रोख घेण्याऐवजी खात्यावर मागा. तारखेसकट रक्कम राहते. मुकादमाच्या वहीतला आकडा तुमच्या हातात नसतो. कारखान्याच्या काट्याच्या पावत्यांचे फोटो रोज घरी पाठवा. 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. ती तुमच्या हिशेबात आली का, हे सातवीतली लेक घरी बसून काढू शकते.

लेकीचा विषय निघालाच आहे, तर मनातलं बोलते. तिला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचं, ही तुमची काळजी मला कळते. मुलाकडच्यांनाही जोडी लागते, कारण जोडीशिवाय उचल नाही. या दोन्हींमधून ती सोळाव्या वर्षी बोहल्यावर चढते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 43.7 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. ज्या कोयत्यासाठी हे लग्न होतं, तोच मशीन घेऊन चाललंय. मग तिच्या हातात ना दहावीचा कागद राहील, ना फडाची मजुरी. ती पस्तिशीची होईल तेव्हा घर कशावर चालेल, याचा विचार आज तुमच्याशिवाय कोण करणार?

काळजीला वाट आहे. आजीजवळ गावात राहणाऱ्या लेकरांसाठी शाळेत हंगामी वसतिगृहाची सोय असते, जेवणासकट. ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना 2021 मध्ये आली. तुमच्या तालुक्यात वसतिगृह कुठे आहे, जागा आहे का, हे समाजकल्याण कार्यालयात विचारा. मुलींच्या वसतिगृहात स्वतः जाऊन खोली, संडास, दाराची कडी बघा, तिथल्या बाईंशी बोला. मन मानलं तरच ठेवा. गावातच ठेवणार असाल तर ट्रॅक्टर दारात यायच्या आधी आजीला घेऊन शाळेत या आणि नाव लावून जा. गाडीत सामान चढल्यावर ते राहून जातं.