नऊ इंचांचा खिसा

२०२२ च्या डिसेंबरात पहिल्या ऑर्डरची खोकी पुण्यात माझ्या गोदामात उतरली. वरचीच एक पँट उचलली आणि कापड, शिलाई काही न बघता आधी खिशात हात घातला. हात अर्ध्या तळव्यावर अडला. टेप लावली, सहा इंच. मी नऊ मागितले होते. दुसरी पँट काढली, तिसरी काढली, दुसरं खोकं फोडलं. बाराशेच्या बाराशे पँटना सहा इंचांचे खिसे.

माझा ब्रँड छोटा आहे आणि तो एकाच गोष्टीवर उभा आहे: बायकांच्या पँटला खरा खिसा. मोबाइल उभा मावेल, वाकलं तरी बाहेर पडणार नाही असा. बँकेत, शाळेत, प्रयोगशाळेत, बांधकामाच्या साइटवर दिवसभर राबणाऱ्या बायका हे माझं गिऱ्हाईक. सहा इंचांच्या खिशाची पँट त्यांना कुठल्याही दुकानात मिळते.

बांगलादेशच का, हे मला अजून विचारतात. टी-शर्ट करायचे असते तर मी तिरुपूरच्या पुढे गेलेच नसते. पण कॉटन ट्विलची, किंचित ताणली जाणारी, धुऊन मऊ केलेली पँट शिवण्यात ढाका-गाझीपूर पट्ट्याचा हात बसलेला आहे. शिवाय साफ्टा या दक्षिण आशियाई व्यापार कराराखाली २०११ पासून तिथले तयार कपडे भारतात मूळ सीमाशुल्काशिवाय येतात. आतापर्यंत दोन कारखाने आणि पाच ऑर्डरी, एवढा माझा अनुभव. पन्नास हजार नगांची ऑर्डर देणाऱ्यांना यातलं फारसं उपयोगी पडणार नाही. हजार-बाराशे नग करणाऱ्यांना पडेल, म्हणून लिहिते आहे.

१. कागद असा लिहा, की तुम्हाला कधीही न भेटलेल्या माणसाला त्यावरून शिवता यावं.

माझ्या टेक पॅकमध्ये, म्हणजे कारखान्याला द्यायच्या मापांच्या कागदात, ‘खिशाची खोली ९ इंच’ एवढंच होतं. कुठून नऊ, ते नव्हतं. तिरक्या खिशाचं तोंड कमरपट्टीपासून सुरू होतं आणि खाली बाजूच्या शिवणीत संपतं. मी नऊ इंच मोजले होते ते तोंडाच्या खालच्या टोकापासून. शिवणाऱ्यांनी मोजले ते कमरपट्टीच्या शिवणीपासून. आकडा तोच, खिसा तीन इंच कमी. आता माझ्या कागदावर प्रत्येक मापाला बाणाची दोन टोकं असतात, किती कमी-जास्त चालेल ते असतं आणि धुण्याआधीचं की धुतल्यानंतरचं तेही असतं. खिशाच्या आतल्या कापडाचं स्वतंत्र चित्र असतं. पहिल्या वेळी टेक पॅक चार पानांचा होता, आता एकोणीस पानांचा आहे.

२. तुमचा माल नेमका कुठल्या इमारतीत शिवला जाणार, हे लेखी घ्या.

पण एक कोडं सुटत नव्हतं. सँपलला खिसा बरोबर होता. मी सही केलेलं ते सँपल कारखान्यात टांगलेलं असणार. ते समोर असताना बाराशे वेळा चूक कशी होईल? उत्तर एका पँटच्या कमरपट्टीच्या आत चिकटून राहिलेल्या बंडलच्या चिठ्ठीवर मिळालं. चिठ्ठीवर भलत्याच कारखान्याचं नाव होतं. मी फोटो पाठवला. दोन दिवस उत्तर नाही. मग कळलं, की त्यांच्या लाइनी मोठ्या ऑर्डरीत अडकल्या होत्या, म्हणून माझी शिलाई बाहेर दिली. कापड गेलं, कागद गेला, सँपल तिथेच राहिलं.

नुकसान माझ्या पैशांचं झालं, ते भरून निघालं. मला झोप येईना ती वेगळ्या कारणाने. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळच्या सावरची राणा प्लाझा ही इमारत कोसळली, १,१३४ माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सगळ्यांनी पाहिले होते. खालच्या मजल्यावरची बँक कोसळण्याच्या दिवशी बंद राहिली. वरच्या कपड्यांच्या कारखान्यांत मात्र माणसांना कामावर बोलावलं गेलं. ढिगाऱ्यात सापडलेल्या लेबलांवरून जगाला कळलं, की तिथे कुणाकुणाचे कपडे शिवले जात होते. त्यावर काही ब्रँडांचं म्हणणं होतं, की आम्ही तिथे ऑर्डर दिलीच नव्हती, ती परस्पर गेली.

माझं लेबलसुद्धा अशाच एका इमारतीत जाऊन आलं होतं, जिचा पत्ता मला ठाऊक नव्हता. तिथला जिना किती रुंद होता, दाराला आतून कडी होती की बाहेरून कुलूप, मला माहीत नव्हतं. आता करारात इमारतीचा पत्ता, मजला आणि लाइन नंबर असतो. परवानगीशिवाय बाहेर शिलाई दिली तर माल स्वीकारणार नाही, हे कलम असतं. हे कलम वाचून ज्याचा चेहरा पडला, त्याच्याशी मी पुढे बोलले नाही.

३. स्वतः जा.

२०२३ च्या फेब्रुवारीत मी ढाक्याला गेले आणि सहा दिवसांत सात कारखाने पाहिले. सँपल रूम बघण्यात वेळ घालवू नका. तिथे कारखान्यातले सगळ्यात जुने मास्टर बसलेले असतात, ते काहीही सुंदर शिवून देतात. शिलाईच्या मजल्यावर जा, आणि जेवणाच्या सुट्टीच्या पाच मिनिटं आधी जा. सुट्टी झाली की शेकडो माणसं एकदम उठतात. जिना कसा रिकामा होतो ते दिसतं. एके ठिकाणी दुसऱ्या जिन्याच्या तोंडाशी कार्टन रचलेली होती. ‘आजच ठेवलीत,’ म्हणाले. खालच्या खोक्यांवर धुळीचा थर होता.

राणा प्लाझानंतर आग आणि इमारतीच्या सुरक्षिततेसाठी अकॉर्ड हा करार झाला. २०२० पासून ते काम आरएससी ही तिथलीच संस्था बघते. तिच्याकडे कोणत्या कारखान्याच्या किती दुरुस्त्या झाल्या, किती राहिल्या, हे बघायला मिळतं. मी जाण्याआधी ते वाचून गेले होते, त्यामुळे काय विचारायचं ते माहीत होतं.

आणखी एक: तुटलेल्या सुयांची वही मागा. सुई तुटली की तिचे सगळे तुकडे जमवून वहीत चिकटवायचे आणि मगच नवी सुई द्यायची, अशी पद्धत असते. तुकडा सापडला नाही तर तो कपड्यात असू शकतो. मी ज्यांना काम दिलं त्यांच्या वहीत सेलोटेपखाली तीन-तीन तुकडे जुळवून लावलेले होते, तारीख आणि मशीन नंबरासकट. दुसऱ्या एका ठिकाणची वही कोरी करकरीत होती. तिथे महिनाभरात एकही सुई तुटली नव्हती म्हणे.

४. भावाची फोड मागा.

पहिल्या कारखान्याने मी ‘जरा जास्त वाटतंय’ म्हणताच नगामागे चाळीस सेंट कमी केले होते. मला तेव्हा आनंद झाला. ते चाळीस सेंट कुठून आले, हे विचारायला हवं होतं. दुसऱ्या कारखान्यात मी एकूण भाव विचारलाच नाही. कापड किती, झिप-बटण-लेबल किती, शिलाई किती, धुलाई किती, पॅकिंग किती, तुमचा नफा किती, असं विचारलं. तिथल्या मर्चंडायझर बाईंनी (तिकडे आदराने ‘आपा’ म्हणतात, आपल्या ताईसारखं, मीही तेच म्हणते) कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, कापडात घासाघीस करा, शिलाईत नको.

त्याचा अर्थ डिसेंबर २०२३ मध्ये कळला. तिथल्या कपडे कामगारांचं किमान वेतन आठ हजार टाक्यांवरून साडेबारा हजार झालं. आपांनी शिलाईचा आकडा वाढवून मागितला. फोड हातात होती, म्हणून बाकीचे आकडे जागेवर आहेत, हे मला दिसत होतं. मी त्याच दिवशी हो म्हटलं.

५. रंग कमी ठेवा. गिरणी एका रंगाचं हजार-दीड हजार मीटर कापड एकदम रंगवते, त्याखाली तिला परवडत नाही. एका पँटला सव्वा मीटरच्या आसपास लागतं. म्हणजे एक रंग म्हणजेच एक ऑर्डर. मला सहा रंग हवे होते. मी काळा आणि गडद निळा घेतला, दोन्हींत कमरेची मापं वाढवली. बायकांना रंगांपेक्षा ४२ ची कंबर मिळण्याचा जास्त आनंद झाला. टी-शर्टच्या विणीच्या कापडापेक्षा ट्विल चीनहून येण्याचं प्रमाण तिथे बरंच आहे, तेव्हा चिनी नववर्षाच्या सुट्ट्या आणि दोन्ही ईद कॅलेंडरवर आधी मांडा, मग तारखा ठरवा.

६. तपासणी माल निघण्याआधी, तिसऱ्याच माणसाकडून.

बाराशे नगांच्या मालातून ऐंशी नग निवडतात, ते तपासणाऱ्याने स्वतः निवडायचे, कारखान्याने नव्हे. एक्यूएल (किती दोष चालतील त्याची पातळी) २.५ धरलं तर मोठ्या दोषांचे पाचपर्यंत नग चालतात, सहावा सापडला की सगळा लॉट नापास. हे कोष्टक सगळीकडे सारखं आहे. तुमच्या हातात एकच गोष्ट असते: मोठा दोष कशाला म्हणायचं. माझ्या यादीत खिसा पाव इंचाहून अधिक कमी भरला तर तो मोठा दोष, लोंबता धागा लहान. शेवटचे सत्तर टक्के पैसे तपासणीचा अहवाल हातात आल्यावर देते. छोट्या रकमेला एलसीचा, म्हणजे बँकेच्या पतपत्राचा, खर्च परवडत नाही, त्यामुळे हीच आपली ढाल.

७. बंदराचं काम कारखाना निवडतानाच विचारात घ्या.

आयात-निर्यात कोड, एमआरपीच्या लेबलवर आयातदाराचं नाव आणि कुठल्या देशात बनलं ते, हे सगळे करतात. राहतं ते साफ्टाचं मूळ देशाचं प्रमाणपत्र. कापड चीनचं असेल तर बांगलादेशात पुरेशी मूल्यवाढ झाली आहे, हे सिद्ध व्हावं लागतं. बाहेरचा माल एफओबी किमतीच्या (जहाजात चढवेपर्यंतच्या किमतीच्या) ७० टक्क्यांहून जास्त चालत नाही. २०२० च्या नियमांनंतर ती माहिती आयातदाराने स्वतःजवळ ठेवायची असते, नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही. जो कारखाना भावाची फोड देत नाही, तो ही माहितीही देत नाही, आणि मग कस्टम्सच्या टेबलापुढे आपण रिकाम्या हाताने उभे. अॅझो रंगांच्या चाचणीचा दाखलाही निघण्याआधीच तयार हवा.

१७ मे २०२५ ला भारताने बांगलादेशी तयार कपडे जमिनीवरून आणायला बंदी केली. न्हावा शेवा आणि कोलकाता, ही दोनच बंदरं उरली. माझी ऑर्डर बेनापोलच्या सीमानाक्याच्या वाटेवर ट्रकमध्ये होती. ती परत फिरवून चट्टग्राम बंदरात, तिथून कोलंबोमार्गे न्हावा शेवाला आणली. पावसाळ्याआधी विकायचा माल जुलैत मिळाला. कारखान्याचा यात काही दोष नव्हता. तरी ट्रक परत बोलावण्याचा खर्च त्यांनी निम्मा उचलला.

८. वाईट बातमी कोण आधी सांगतं ते बघा.

जुलै २०२४ मध्ये ढाक्यात आंदोलन पेटलं, संचारबंदी लागली, १८ तारखेपासून इंटरनेट बंद. माझं कापड बेतून झालं होतं. पाच-सहा दिवस काहीच कळेना. मग आपांचा मेसेज आला. पहिल्या ओळीत होतं, की आपल्या लाइनीतली सगळी माणसं सुखरूप आहेत. दुसऱ्या ओळीत, की माल किमान तीन आठवडे उशिरा निघेल आणि यापेक्षा लवकरची तारीख मी तुम्हाला देणार नाही. पहिल्या कारखान्याकडून मला दर वेळी ‘पुढच्या गुरुवारी’ असं उत्तर यायचं. तीन आठवडे म्हटल्यावर मी दुकानदारांना तसं सांगू शकले. एकानेही ऑर्डर रद्द केली नाही.

९. शिवणाऱ्या बाईला कपडा कशासाठी आहे ते कळू द्या.

माझी ऑर्डर लाइनवर असताना मी दुसऱ्या कारखान्यात पहिल्यांदा खिशाच्या मशीनपाशी उभी राहिले. तिथल्या बाईने सुपरवायझरला बंगालीत काहीतरी विचारलं. बायकांच्या पँटला एवढं खोल कापड का लावायचं, असं तिचं म्हणणं होतं; इतर ऑर्डरींत याच्या निम्मंच असतं. मी माझा मोबाइल तिच्यासमोर खिशात टाकला, खाली बसले, उठले. ती उभी राहिली. हातातली अर्धवट पँट स्वतःच्या अंगाला लावली आणि मनगटापर्यंत हात आत घातला. शेजारणीला दाखवलं. मग पुन्हा काहीतरी म्हणाली. आपांनी सांगितलं, की ती घराची किल्ली ओढणीच्या टोकाला गाठ मारून आणते, कमीजला खिसा नाही.

संध्याकाळी तिने कापून उरलेले खिशाच्या कापडाचे तुकडे मागितले. मॅनेजरने दिले. दुसऱ्या दिवशी मी मजल्यावर गेले तेव्हा तिने मशीन थांबवलं, कमीजच्या बाजूच्या शिवणीत हात घातला आणि किल्ली काढून दाखवली.