सॅलमँडरच्या शेपटीतून पारा मोजण्याची कृती

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या वेन्सबरो इथे ड्यूपाँटच्या कारखान्यात १९२९ ते १९५० या काळात कृत्रिम धाग्यासाठी पारा वापरत. तो साउथ रिव्हरमध्ये उतरला आणि काठच्या मातीतून अजूनही पाझरतो. तिथल्या दगडांखाली पाठीवर दोन काळ्या रेघांचा सॅलमँडर राहतो. दिसायला पाल, पण नातं बेडकाशी. त्याला न मारता पारा मोजता येतो, कारण शेपटीच्या टोकातला पारा आणि अख्ख्या अंगातला पारा यांचा मेळ बसतो, हे याच नदीवर तपासून झालं आहे.

आधी राज्याच्या वन्यजीव खात्याचा परवाना आणि प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी घ्या. मग कारखान्याच्या वरच्या अंगाची स्वच्छ जागा आधी करा, खालची नंतर. जागा बदलताना बूट आणि जाळी ब्लीचच्या पाण्यातून काढून, ओढ्यापासून दूर खळखळून धुवा; बुरशीचा रोग याच बुटांवरून पसरतो.

पावडर नसलेले हातमोजे घाला. जाळी प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरून दगड उचला, आणि काम झालं की होता तसाच ठेवा. पिल्लं एक ते तीन वर्षं पाण्यातच असतात, म्हणून ती त्या ओढ्याचीच खबर देतात. मोठे काठावरही चरतात. दोघांचे नमुने मिसळू नका.

वजन करा. लांबी नाकापासून गुदद्वारापर्यंतच मोजा. शेपूट तुटून पुन्हा वाढलेली असू शकते. मंजुरीत असेल तशी भूल द्या, निर्जंतुक ब्लेडने शेपटीचं टोक कापा आणि आम्लाने धुतलेल्या, आधी वजन केलेल्या कुपीत टाका. जनावर सावरलं की त्याच दगडापाशी सोडा.

खरी गोची पुढे आहे. तुकडा एवढासा, त्यामुळे बाहेरचा किंचित पाराही निकाल बिघडवतो. म्हणून एक रिकामी कुपी काठावर उघडून, बंद करून, सोबतच प्रयोगशाळेत पाठवा; तिच्यात पारा निघाला तर तो बाहेरचा. फॉर्मॅलिन नको. बर्फावर न्या, गोठवा, गोठवूनच वाळवा. यंत्रात तुकडा जाळतात, निघालेली पाऱ्याची वाफ सोन्यावर धरून मोजतात. त्याबरोबर पारा आधीच ठाऊक असलेला प्रमाणित माशाचा नमुनाही चालवा. तो आकडा चुकला तर त्या खेपेचे सगळे आकडे फेका.

निकाल नॅनोग्रॅम प्रति ग्रॅममध्ये येतो. वजन कोरडं की ओलं, हे शेजारीच लिहा. दोन्हींत सहज चार-पाच पट फरक पडतो.