आधी बाजार, मग कारखाना : मारोसां गावाचा धडा



सहकार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढं कारखान्याचं धुराडं उभं राहतं. पण सहकाराची सुरुवात धुराड्यापासूनच होते असं नाही. हे समजून घेण्यासाठी या अंकात आपण फ्रान्समधील एका शेतकरी गावाचा अभ्यास करू.

गाव व जमीन

मारोसां हे गाव दक्षिण फ्रान्सच्या एरो जिल्ह्यात, बेझिए शहराजवळ, ऑर्ब नदीच्या खोऱ्यात आहे. भूमध्य समुद्र जवळच. उन्हाळा कडक आणि कोरडा. अशा हवेत द्राक्षवेल चांगली धरते. तिथं वाईन ही त्या काळी रोजच्या जेवणातली चीज होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या भागात रेल्वे आली, माल दूरच्या शहरांत जाऊ लागला आणि सारा मुलूख एकाच पिकाच्या मागे लागला.

संकट

पुढं फिलॉक्सेरा नावाच्या किडीनं वेलींची मुळं खाल्ली. अमेरिकन खुंटावर कलमं बांधून बागा पुन्हा उभ्या राहिल्या. पण १९०० च्या सुमारास माल उदंड झाला आणि भाव कोसळला. त्यात पाणी व बीटाची साखर घालून बनावट वाईन खपवली जाई. मोठ्या बागायतदाराकडं माल साठवायला जागा होती. लहान शेतकऱ्याला मात्र व्यापारी म्हणेल त्या भावात द्यावंच लागे.

लहानांनी काय केलं?

डिसेंबर १९०१ मध्ये मारोसांच्या लहान बागायतदारांनी 'स्वतंत्र द्राक्षबागायतदार' या अर्थाच्या नावाची संस्था काढली. एली काताला हे तिचे पुढारी. सुरुवातीला कारखाना नव्हता. ज्यानं त्यानं वाईन आपापल्या घरी करायची, विक्री मात्र एकत्र. गिऱ्हाईक कोण? तर पॅरिसच्या कामगारांची सहकारी ग्राहक भांडारं. मधला दलाल गेला. गिऱ्हाईक हाती आल्यावर १९०५ मध्ये सामाईक तळघर, म्हणजे त्यांचा कारखाना, उभा राहिला. त्याच वर्षी समाजवादी पुढारी जाँ जोरेस तो पाहायला आले.

एकट्या गावाच्या संस्थेनं सगळ्या मुलखाचं दुखणं बरं झालं नाही. १९०७ मध्ये दक्षिणेतल्या लाखो बागायतदारांनी मोर्चे काढले. नार्बोन शहरात सैन्यानं गोळ्या झाडल्या, माणसं मेली. अखेर २९ जून १९०७ च्या कायद्यानं प्रत्येकानं पीक व साठा जाहीर करायचा, वाईनमध्ये घालायच्या साखरेवर जादा कर भरायचा, असं ठरलं.

पुढची हकीकत

१९६० नंतर फ्रान्समध्ये वाईनचा खप सतत घटत गेला. दरडोई वर्षाला शंभर लिटरच्या वर असलेला खप निम्म्याहूनही खाली आला. दक्षिणेत कितीतरी बागा अनुदान घेऊन उपटल्या गेल्या. टिकले ते बहुधा नगाऐवजी प्रतीकडं वळलेले.

आपण काय घ्यावं?

वाईनचं कौतुक करणं हा आमचा हेतू नाही. द्राक्ष आणि ऊस दोन्ही तोडल्यावर थांबत नाहीत, म्हणून दोन्हींचा शेतकरी अडतो. त्याची अडवणूक यंत्रानं सुटत नाही. माल कुणाला, कोणत्या अटीवर विकायचा, हे सभासदांनी मिळून ठरवलं तर सुटते.

गटचर्चेसाठी प्रश्न :
१. मारोसांनी विक्री आधी एकत्र का केली?
२. एकाच पिकावर सारा गाव अवलंबून राहिला तर काय धोका संभवतो?
३. आपल्या मालाचं शेवटचं गिऱ्हाईक कोण, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?